वेळेआधी बोलून ठेवावे



आज जो विषय घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे, तो घरात जेवताना काढला तर कोणी तरी वडीलधारे माणूस ताटावरूनच म्हणेल, "शुभ बोल रे नाऱ्या!" विषय मरणाचा आहे, आणि मरणानंतर आपल्या देहातले काही दुसऱ्याला देण्याचा आहे. तरी पंधरा मिनिटे रेडिओ बंद करू नका. मी सांगणार आहे ती माझ्याच घरची गोष्ट आहे, आणि तिच्यात चूक झाली ती माझ्याच हातून.

सात वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून येताना पडला. डोक्याला मार बसला. हेल्मेट घरी खुंटीला टांगलेले होते. जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयात नेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतले आणि सांगितले, "मेंदू पूर्ण मृत झाला आहे. दोनदा तपासून खात्री केली. आता परत येणे नाही." मी खाटेकडे पाहिले. छाती वरखाली होत होती. हात लावला तर अंग ऊन होते. थोड्या वेळाने तिथल्याच एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पाणी दिले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांची मूत्रपिंडे, यकृत, डोळे दुसऱ्या रुग्णांना देता येतील. आपल्या घरच्यांची इच्छा असेल तरच. आग्रह नाही."

श्रोतेहो, मी एम. ए. झालेला माणूस. कॉलेजात मुलांना शिकवतो. पण त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघाले? "नाही हो, आमच्यात चालत नाही."

बाई उठून गेल्या. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

तेरावा झाल्यावर ही हकीकत आईच्या कानावर गेली. तिने मला माजघरात बोलावले. म्हणाली, "आमच्यात चालत नाही म्हणून कोणी सांगितलं तुला? मला विचारलंस? तुझे वडील गेले तेव्हा त्यांची धोतरंसुद्धा मी गड्याला दिली. वापरण्याजोगी वस्तू जाळू नये, एवढं तरी मला कळतं." मी गप्प बसलो. भाऊ अविवाहित होता. कायद्याने आणि मायेनेही पहिला अधिकार तिचा होता, आणि मी तिच्या नावावर परस्पर 'नाही' सांगून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून "आमच्यात चालत नाही" हे वाक्य ऐकले की मी थांबतो आणि विचारतो, "खरोखर चालत नाही, की आपण कधी विचारलेच नाही?" आजचे माझे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी थोडी शास्त्राची माहिती घेऊ. मेंदू मृत होणे म्हणजे काय? बेशुद्धीतला माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणसाचे तसे नाही. त्याच्या मेंदूचा बुंधा, जिथून श्वास चालतो, तोच कायमचा बंद पडलेला असतो. मग छाती कशी हलते? ती यंत्र हलवते. विहिरीवरचा पंप बंद पडला तरी पाटातले पाणी थोडा वेळ वाहतच राहते ना, तसे हे आहे. श्वासयंत्र हवा भरत राहते, म्हणून हृदय काही काळ धडधडते. ते पाणीही लौकरच आटते.

ही गोष्ट एका डॉक्टरच्या शब्दावर ठरत नाही. आपल्या देशात १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला, आणि तो सर्वांत आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करायची, आणि किमान सहा तासांच्या अंतराने तीच तपासणी पुन्हा करायची. डोळ्यांवर उजेड टाकून बाहुली हलते का, घशाशी नळी लावून ठसका येतो का, यंत्र बाजूला केले तर स्वतःहून एक तरी श्वास घेतला जातो का, हे सारे पाहायचे. जे डॉक्टर अवयव बसवणार, त्यांना या मंडळात जागा नाही. "डॉक्टर लोक अवयवासाठी माणसाला लौकर सोडून देतील," ही जी धास्ती आपल्याला वाटते, ती ओळखूनच ही तरतूद केलेली आहे.

आता दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा, कारण खेड्यात याच ठिकाणी घोटाळा होतो. मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे हे अवयव बहुतेक वेळा रुग्णालयात मेंदूमृत झालेल्या माणसाकडूनच घेता येतात. असा एक माणूस आठ जणांपर्यंत जीव वाचवू शकतो. पण असे मरण शंभरात एखाद्याच्याच वाट्याला येते. डोळ्यांचे तसे नाही. घरी, आपल्या अंथरुणावर, म्हातारपणाने गेलेल्या माणसाचेही डोळे देता येतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डॉक्टर घरी येऊन ते घेऊन जातात. पंधरा-वीस मिनिटांचे काम असते. चष्मा असलेल्याचे चालतात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्याचे चालतात, मधुमेह असलेल्याचेही चालतात. कुत्रे पिसाळून चावल्याने किंवा काही संसर्गजन्य रोगांनी मृत्यू आला असेल तर मात्र घेत नाहीत. ते डॉक्टर पाहतात. आपण आधीच नकार ठरवू नये.

आणि देहदान ही तिसरी, निराळी गोष्ट. त्यात सबंध देह वैद्यकीय महाविद्यालयाला शिक्षणासाठी दिला जातो. अवयवदानात आणि नेत्रदानात देह आपल्याला परत मिळतो, नीट टाके घालून, झाकून. मुखदर्शन होते, आंघोळ घालता येते, ज्याचा जो विधी असेल तो करता येतो.

हा विधीचा प्रश्न लहान नाही. आमच्याच गावाचे उदाहरण घ्या. कोणाला ओढ्याकाठच्या स्मशानात अग्नी देतात. मुसलमान बांधवांचे कबरस्तान पलीकडच्या माळावर आहे. लिंगायत मंडळी आपल्या माणसाला बसवून माती देतात. चार घरे ख्रिस्ती आहेत, त्यांची दफनभूमी तालुक्याला. बौद्धवस्तीत त्रिशरण-पंचशील होते. एका गावातून माणसे इतक्या वाटांनी जातात. आणि प्रत्येक वाटेवर मी हेच वाक्य ऐकले आहे, "आमच्यात चालत नाही." म्हणून मी गेली काही वर्षे ज्याच्या त्याच्या दारी जाऊन विचारू लागलो, आणि जमेल तितके वाचूही लागलो.

आमच्या हिंदू घरांत मोठी भीती ही की डोळे काढले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा येईल. पण चितेवर डोळे तरी कुठे उरतात? आपल्याच पुराणांत दधीचीने वज्रासाठी आपली हाडे दिली आणि शिबी राजाने कबुतराला वाचवण्यासाठी आपले मांस कापून दिले. या कथा म्हणजे शस्त्रक्रियेचा पुरावा नव्हे, तसे कोणी समजू नये. पण देह देणाऱ्याला आपल्या पूर्वजांनी पापी म्हटले नाही, ऋषी म्हटले, एवढे त्यांतून नक्की कळते. जैन समाजात तर नेत्रदानाचा चांगला प्रघातच पडलेला आहे.

बौद्ध परंपरेत शिबी राजाची जातककथा आहे; तीत तो आपले डोळेच दान करतो. ही कथा श्रीलंकेत घरोघरी माहीत आहे. तिथे डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था काढली, आणि लोकांनी तिला इतका प्रतिसाद दिला की देशाची गरज भागून डोळे उरू लागले. १९६४ पासून ते परदेशी जाऊ लागले. पुढे त्यांतले हजारो डोळे पाकिस्तानात गेले. विचार करा, बौद्ध भिक्षूचा आशीर्वाद घेऊन मेलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या डोळ्याने आज कराचीत कोणी कुराण वाचत असेल. देणाऱ्याचा धर्म बुडाला नाही आणि घेणाऱ्याचाही बाटला नाही.

मुसलमान बांधवांचा प्रश्न मी मुद्दाम सावकाश मांडतो, कारण तिथे जाणत्यांतच मतभेद आहेत, आणि ते लपवून उपयोग नाही. मृताच्या देहाची विटंबना होऊ नये आणि दफन लौकर व्हावे, ही त्यांची शिकवण. आपल्या देशातले काही उलेमा या शिकवणीच्या आधारे अवयवदानाला मान्यता देत नाहीत. पण इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे मेंदूचा मृत्यू मान्य केला, आणि १९८८ साली जेद्दा येथे अवयव देण्यास परवानगी दिली. त्यासाठी अटी घातल्या. माणसाची किंवा वारसांची संमती हवी आणि विक्री नको. सौदी अरेबियात आणि इराणात मृत्यूनंतर अवयव दिले जातात. इराणने २००० साली तसा कायदाही केला. एका जीवाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, हा विचार कुराणातच आहे. आमचे एक शिक्षकमित्र म्हणाले, "सर, मौलवीसाहेबांना विचारायला हरकत नाही. पण मयत दारात असताना नाही विचारता येत. आधी विचारून ठेवलं पाहिजे." मला वाटते, त्यांनी माझे सबंध भाषण एका वाक्यात सांगितले.

ख्रिस्ती बांधवांसाठी सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे हे ऑगस्ट २००० मध्ये रोम येथे प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत स्वतः गेले आणि अवयवदान हे प्रेमाचे कृत्य आहे, असे त्यांनी सांगितले. देणे खुशीचे आणि समजून-उमजून असले पाहिजे, हेही त्यांनी बजावले.

तेव्हा धर्म आडवा येतो असे आपण म्हणतो, ते बऱ्याच वेळा आपल्या भीतीला दिलेले नाव असते. ज्याचा धर्म खरोखर नको म्हणतो, त्याच्या 'नाही'ला मान द्यावा. पण न विचारता दिलेले 'नाही' हे धर्माचे नसते. माझे तसलेच होते.

आता एक जुनी हकीकत सांगतो. दक्षिण आफ्रिकेत एके काळी गोऱ्यांची आणि इतरांची बाके वेगळी, समुद्रकिनारे वेगळे, रुग्णालयांतले वॉर्डही वेगळे असत. तिथल्या केप टाउन शहरात डिसेंबर १९६७ मध्ये डेनिस डारव्हॉल नावाची पंचवीस वर्षांची गोरी मुलगी रस्ता ओलांडताना मोटारीखाली आली. तिची आई जागीच गेली होती. डॉक्टरांनी बापाला विचारले. त्याने काही मिनिटे विचार केला आणि होकार दिला. त्या मुलीचे हृदय डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की या गृहस्थाला बसवले. माणसाचे हृदय माणसाला बसवल्याची जगातली ही पहिलीच वेळ. वॉशकान्स्की अठरा दिवस जगला. पण त्याच मुलीचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला दिले गेले, आणि तो मुलगा गोरा नव्हता. पुढच्याच महिन्यात, २ जानेवारी १९६८ रोजी, क्लाइव्ह हाउप्ट या मिश्रवर्णी तरुणाचे हृदय फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याला बसवले गेले. ब्लायबर्ग त्या हृदयावर एकोणीस महिने जगला. ज्या देशात दोघांना एका बाकावर बसायला कायद्याने बंदी होती, तिथे एकाचे काळीज दुसऱ्याच्या छातीत चालले. कायदा करणाऱ्यांना जे कळले नाही, ते मुलगी गमावलेल्या एका बापाला कळले.

आपली मुंबईही मागे नव्हती. त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपल्या देशातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे कायदा व्हायला सव्वीस वर्षे गेली, आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. आज आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अवयवांचे वाटप पाहणाऱ्या विभागीय समित्या आहेत. प्रतीक्षायादीतला क्रम रक्तगट, आजाराची निकड आणि किती दिवस वाट पाहिली यांवर ठरतो. जात-धर्म त्यात मोजत नाहीत. ए, बी, ओ आणि एबी हे चार रक्तगट तर साऱ्याच जातीधर्मांत सापडतात.

विक्रीचे म्हणाल, तर अवयवाची खरेदी-विक्री हा मोठा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. मृत दात्याच्या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, आणि संमती दिल्यापासून अवयव काढण्याचा खर्चही त्यांच्यावर पडत नाही. अपघाती मृत्यू असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन तसेही व्हायचेच असते. त्याची सांगडही कायद्याने घालून दिली आहे.

आणि गरज किती? दर दहा लाख माणसांमागे आपल्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारा दरसाल एकही पुरता भरत नाही. स्पेन देशात हेच प्रमाण चाळिसाच्या वर आहे. तिथला कायदा सर्वांची संमती गृहीत धरतो, तरीही तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. फरक हा, की तिथे १९८९ पासून रुग्णालयारुग्णालयांत घरच्यांशी नीट बोलणारी, शिकवून तयार केलेली माणसे नेमली आहेत. म्हणजे तिथेही काम झाले ते बोलण्याने.

आपल्याकडे पहाटेच्या एस. टी.त कधी तरी नजर टाका. हाताला पट्टी बांधलेला, चेहरा सुजलेला एखादा माणूस खिडकीशी बसलेला दिसेल. त्याची मूत्रपिंडे गेलेली असतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास, यंत्रातून रक्त गाळून घ्यायला तो जिल्ह्याच्या गावी जातो. शेत वाट्याने दिलेले असते. पुष्कळदा शेवटी घरातली आई किंवा बायकोच आपले एक मूत्रपिंड काढून देते. जिवंतपणी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, अशी आपल्या देशाची स्थिती आहे. मेलेल्यांनी दिले, तर जिवंत बायकांना इतके द्यावे लागणार नाही. हाही हिशोब मनात असू द्या.

आता काय करायचे ते सांगतो. आज रात्री घरात एकदा बोला. "मी गेलो तर माझे डोळे द्या," एवढे वाक्य पुरे. अठरा वर्षांवरच्या कोणालाही प्रतिज्ञा नोंदवता येते. राष्ट्रीय संस्थेचा फुकट दूरध्वनी १८०० ११ ४७७० हा आहे. पण कार्ड खिशात असले तरी वेळेला घरच्यांनाच विचारतात, म्हणून कार्डापेक्षा बोलणे मोठे. घरी मृत्यू झाला तर पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, आणि जवळच्या नेत्रपेढीला ताबडतोब कळवा. तो क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांना या विषयावर निबंध लिहायला लावू नका. निबंधात सगळेच दानशूर होतात. त्यापेक्षा मुलांना घरी जाऊन आजीला विचारायला सांगा, "आपल्यात हे चालतं का गं? का चालत नाही?" आणि ती जे सांगेल ते वर्गात येऊन सांगू द्या. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्या घरांची उत्तरे एका वर्गात येतील. कोणाचेही उत्तर चुकीचे ठरवू नका. मुले एकमेकांच्या भीती ऐकतील, तेवढेच पुष्कळ झाले.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिने नेत्रदानाचा अर्ज भरला, तेव्हा अंगठा न देता सही केली. सही करायला ती प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकली होती. ते कार्ड तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे. घरी कोणी आले की काढून दाखवते, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणते, "याला सांगून ठेवलंय. या खेपेला परस्पर नाही म्हणायचा नाही."

श्रोतेहो, माझ्या भावाच्या वेळी कोणाला तरी मिळाले असते ते मिळाले नाही. तो माणूस कोण होता, कुठल्या गावचा, कुठल्या धर्माचा, मला कधीच कळणार नाही. आपल्या घरी तसे होऊ नये, म्हणून ही हकीकत सांगितली.